नवस नसलेली पळापळ

सोलापुरात बाई पळताना दिसली की लोक आधी तिच्याकडं बघत नाहीत, तिच्या मागं बघतात. कुत्रं लागलंय का, चोर लागलाय का, नवरा लागलाय का. मागं कुणीच नाही म्हटल्यावर मात्र त्यांची पंचाईत होते. विजापूर रोडला, संभाजी तलावाच्या जरा पुढं, एका काकांनी स्कूटर हळू केली आणि बराच वेळ माझ्या बरोबरीनं चालवली. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "स्टँडवर जायचंय का ओ ताई? गाडी चुकंल म्हणून पळताय व्हय? बसा, सोडतो की." मी म्हटलं, नको काका, व्यायाम चाललाय. त्यांच्या चेहऱ्यावर मघाशी जी दया होती ती यावर कमी व्हायची तर वाढलीच.

लेक दीड वर्षाची होत आली तेव्हा मी मॅरेथॉन पळायचं ठरवलं. पूर्ण मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर. घरात जाहीर केलं तेव्हा नवऱ्यानं "अरे वा" म्हणून पेपर उचलला. सोलापुरी नवरा एखाद्या गोष्टीला विरोध करायचा असेल तरच सविस्तर बोलतो, त्यामुळं ही परवानगी समजायची. बाकीच्यांनी मात्र एकच प्रश्न लावून धरला : कशासाठी?

या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर एकच असतं, ते म्हणजे वजन. बाळंतपणाचं वजन उतरवायचंय म्हटलं की समोरचीचा जीव भांड्यात पडतो. "मग बरोबर आहे," असं म्हणून ती स्वतःच्या जावेचं वजन कसं उतरलं (आणि परत कसं चढलं) ते सांगू लागते. हे उत्तर काही दिवस चाललं. पण मॅरेथॉनचा सराव करणाऱ्या बाईला इतकी भूक लागते की पळून आल्यावर ती चार धपाटे उभ्याउभ्याच खाते. माझं वजन उतरायच्या ऐवजी जागच्या जागी ठाण मांडून बसलं आणि माझं एकुलतं एक कारणही गेलं.

सासूबाईंची एक मावसबहीण बाळ्याला राहते. तिनं मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून सांगितलं, "पळू नगंस गं. अंग बाहेर येतंय." बाळंत झालेल्या बाईनं उड्या मारल्या, जड उचललं, पळाली की गर्भपिशवी खाली सरकते, असा त्याचा अर्थ. मला आधी हसू आलं. मग वाचनात आलं की साठच्या दशकातल्या अमेरिकेतही अगदी हीच भीती घातली जायची. १९६७ साली कॅथरिन स्विट्झर बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये २६१ नंबर लावून उतरली, तेव्हा स्पर्धेचा एक अधिकारी रस्त्यात शिरून तिचा नंबर ओढून काढायला धावला होता. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडावं लागलं. म्हणजे बाळ्याच्या मावशी आणि बॉस्टनचे साहेब यांचं वैद्यकीय मत एकच होतं. फरक इतकाच की मावशींनी सांगताना हातात डिंकाचा लाडू दिला.

आणि खरं सांगायचं तर मावशी अगदीच चुकत नव्हत्या. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात सैल पडतात. इंग्लंडमधल्या फिजिओथेरपिस्ट मंडळींनी २०१९ साली यावर नीट मार्गदर्शन लिहिलं. त्यात बाळंतपणानंतर निदान तीन महिने पळू नका, आधी ते स्नायू बळकट करा, मगच बूट चढवा, असं सांगितलंय. आपल्याकडं सव्वा महिना कान बांधून खाटेवर ठेवतात आणि त्यानंतर थेट पाण्याच्या घागरी उचलायला लावतात. स्नायूंचा विषय मधल्यामध्ये राहून जातो. ते सैल असले की काय होतं हे बाळंत झालेल्या प्रत्येकीला ठाऊक असतं, पण आपसात बोलायचं नाही असा संकेत आहे. शिंक आली की आपण पाय आवळतो. पळताना तर दर पावलाला शिंक आल्यासारखं होतं. माझ्या मोठ्या पल्ल्याच्या पळण्याचा नकाशा त्यामुळं कुठल्या ॲपनं आखला नाही. होटगी रोडला कुठल्या पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहाला कडी आहे, पुणे रोडला कुठल्या हॉटेलवाल्याच्या घरची बाई पहाटे उठलेली असते, यावर तो ठरला. बायकांच्या धावण्याचा अभ्यास करणाऱ्या कुणाला विषय हवा असेल तर हा घ्यावा.

ॲपचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. फोनमधल्या त्या प्रशिक्षकानं मला वेळापत्रक आखून दिलं होतं. मंगळवारी वेगाचा सराव, गुरुवारी सावकाश, रविवारी लांब पळणे, सोमवारी विश्रांती. वेळापत्रक शास्त्रशुद्ध होतं. त्यात फक्त पाण्याचा दिवस नव्हता. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा अवेळी येतं. ज्या पहाटे पाणी येणार त्या पहाटे घरातली बाई पंतप्रधानांनी बोलावलं तरी जाणार नाही. हंडे, बादल्या, पिंप, पातेली, शेवटी लेकीचा टब, सगळं भरून घ्यायचं. मोटर लावायची, टाकी वाहते का बघायला गच्चीवर जायचं, परत यायचं. एका रविवारी फोननं विचारलं, आज धावला नाहीत, सगळं ठीक आहे ना? मी त्या पहाटे किती जिने चढले हे त्या बिचाऱ्याला कळलंच नव्हतं, कारण फोन माझ्या खिशात नव्हता. खिसा भिजला असता.

पॉला रॅडक्लिफ म्हणून इंग्लंडची धावपटू आहे. तिला जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिनं न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. तिच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण तिच्याकडं पाणी रोज येत होतं, हेही नोंदवून ठेवते.

आता सासूबाईंकडं येते, कारण खरा विषय त्या आहेत.

सासूबाई दर वर्षी कोजागरीला तुळजापूरला चालत जातात. सोलापुरात राहणाऱ्याला यात काही नवल नाही. त्या रात्री अर्धं शहर त्या रस्त्यावर असतं. पोलीस वाहतूक दुसरीकडून वळवतात, रस्ता सगळा चालणाऱ्यांचा होतो. म्हाताऱ्या, पोरी, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, नवीन लग्न झालेली जोडपी, सगळे निघतात. बरेचजण अनवाणी असतात. वाटेत गावोगावी मांडव घालून चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी, पाणी देत लोक उभे असतात; कुणी पायाला तेल चोळून देतं, कुणी गोळ्या-मलम घेऊन बसलेलं असतं. आणि अंतर? सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या घरात भरतं. शेवटी वर घाट.

हे सगळं मला जन्मापासून माहीत होतं, पण त्याचा हिशोब कधी केला नव्हता. तो सासूबाईंनी केला. दसरा होऊन गेला होता, मी भाकरीचं पीठ मळत होते आणि त्या शेंगा निवडत होत्या.

"तुझी ती स्पर्धा किती लांबची म्हणालीस?"

"बेचाळीस किलोमीटर, आत्या. वर थोडं."

"वर थोडं म्हणजे?"

मी सांगितलं. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून निघायचं आणि स्टेडियमात राजघराण्याची मंडळी बसणार त्या सज्ज्यासमोर थांबायचं असं ठरलं. ते अंतर बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर भरलं. पुढं १९२१ मध्ये तेच जगभर कायम झालं.

सासूबाईंनी एक खवट शेंगदाणा बाजूला टाकला. "म्हणजे राजाच्या दारापासून राजाच्या खुर्चीपर्यंत. आमचं बरं हाय. आमच्या दारापासून देवीच्या पायरीपर्यंत." मग जरा वेळानं म्हणाल्या, "आणि आमचं लांब हाय की गं तुझ्यापरीस."

मी पीठ मळायची थांबले. ही बाई साठी ओलांडलेली. गुडघ्याला पट्टा, रक्तदाबाची गोळी. दर वर्षी मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ला, अनवाणी, रात्रभर जागून, चढ शेवटी. सरावाचं वेळापत्रक नाही, बूट नाहीत, पदक नाही, नाव छापलेला टी-शर्ट नाही. दुसऱ्या दिवशी येष्टीनं घरी येतात आणि दुपारच्या स्वयंपाकाला लागतात. आजवर एकानंही त्यांना "कशासाठी?" म्हणून विचारलेलं नाही.

विचारणार कसं? देवीचा नवस आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की प्रश्न पळण्याचा नव्हताच. बाईनं घर सोडून पाच-सहा तास रस्त्यावर असण्याला कारण लागतं, आणि कारण दुसऱ्या कुणाचं तरी लागतं. देवाचं चालतं, पोराचं चालतं, नवऱ्याचं तर धावतंच. बारामतीला २०१३ साली लता भगवान करे नावाच्या साठी उलटलेल्या बाई नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, बक्षिसाची रक्कम हवी होती. सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं २०२० मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. शेजारच्या अक्कांनी मला त्यांचंच उदाहरण दिलं. "बघ, ती माउली नवऱ्यासाठी पळाली. तुझ्या नवऱ्याला काय झालंय?" काही नाही, असं म्हणताना मला अपराधी वाटलं. नवराही तिथंच होता. त्यानं उगीच जरासा खोकून दाखवला.

लताबाईंच्या पायाची धूळ मस्तकी लावावी अशी ती बाई आहे. पण नवऱ्याची तपासणी फुकट झाली असती, तर तिच्या पायांत पळण्याची ताकद आहे हे कुणाला कळलं असतं का, हा प्रश्न मला अजून सुटत नाही.

पुरुषांचं तसं नसतं. आमच्याकडं सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, शहरातल्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते. ते नंदीध्वज पेलायला ताकद लागते, तोल लागतो, म्हणून मानकरी मंडळी कितीतरी दिवस आधीपासून रात्री सराव करतात. नवऱ्याचा चुलतभाऊ त्यात असतो. तो सरावाला निघाला की घरातून त्याला दूध दिलं जातं. तो रात्री दमून येतो, मी पहाटे दमून येते. त्याच्या खांद्याला तेल लावायला त्याची आई बसते. माझ्या पोटऱ्या मी लाटण्यानं रगडते. लाटणं फार उत्तम साधन आहे. दुकानात यासाठी विकायला ठेवलेला फोमचा गुंडा त्याच्या पासंगाला पुरत नाही.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. हा दिवस ठरवणारानं सोलापूरच्या सुनेचा विचार केलेला नाही. बारा ते सोळा गड्ड्याची यात्रा, त्यात अक्षता सोहळा, त्यातच भोगी, संक्रांत, वाण, हळदीकुंकू, आणि या वर्षी लेकीचं बोरन्हाण. पाहुणे घरात. माझं मॅरेथॉनचं खाणंपिणं मात्र त्यामुळं झकास झालं. शर्यतीआधी दोन-तीन दिवस पिष्टमय पदार्थ भरपूर खा, असं शास्त्र सांगतं. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगांची पोळी आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या आग्रहाचा तिळगूळ, एवढं पिष्ट आणि साखर पोटात गेलेला धावपटू जगाच्या पाठीवर दुसरा नसेल. शुक्रवारी लेकीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण उरकलं. डोक्यावरून पडलेली बोरं तिनं गोळा केली, चुरमुरे तुडवले, हलव्याचा हार चाटून संपवला. रात्री आम्ही गाडीत बसलो.

सिद्धेश्वर एक्स्प्रेस ही सोलापूरच्या धावपटूंसाठीच सोडलेली गाडी असावी, कारण ती सीएसएमटीला थांबते आणि मॅरेथॉन सीएसएमटीपासूनच सुटते. बरोबर नवरा, लेक, सासूबाई, आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा एवढा मोठा डबा की खालच्या बर्थवरच्या माणसानं विचारलं, बदली झाली का? सासूबाई लेकीला सांभाळायला म्हणून आल्या होत्या, असं सांगायचं ठरलं होतं. खरं म्हणजे त्यांना दुसरा मार्ग कसा असतो ते बघायचं होतं.

शर्यतीचं वर्णन फार करत नाही. पहाटेच्या अंधारात निघालो. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, मग सी लिंक. एरवी त्या पुलावर पायी कुणाला सोडत नाहीत. तिथं बाजूनं पळणाऱ्या एका मुलीनं चिमटीत धरून कसलासा जेल पिळून खाल्ला आणि मी कंबरपट्ट्यातून शेंगापोळीचा तुकडा काढला. ती बघत राहिली. मी अर्धा तुकडा तिला दिला. किलोमीटरभरानं तिनं विचारलं, ऑनलाइन मिळतं का?

शरीरातला साखरेचा साठा तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, याला धावणारे लोक भिंत म्हणतात. मला ती परतीच्या पेडर रोडला लागली, म्हणजे नेमकी चढावर. पाय माझे राहिले नाहीत. पण कडेला उभे राहिलेले लोक संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की, थंड पाणी हातावर ठेवत होते. परकी माणसं घसा फोडून "चलो चलो" ओरडत होती. तामलवाडीच्या रस्त्यावर केळी वाटणारी माणसं दिसावीत तशी ती मला दिसली. मग चढाचं फार काही वाटेना. सासूबाईंनी सांगून ठेवलं होतंच की देवी शेवटीच परीक्षा बघते. पेडर रोडची कुठली देवी, ते त्यांना माहीत नव्हतं. मी महालक्ष्मी धरली. ती जवळच असते.

शेवटच्या टप्प्यात मरीन ड्राइव्हला कठड्यापलीकडं आमची मंडळी उभी होती. लेकीनं मला ओळखलं आणि दोन्ही हात वर केले. कडेवर घे! मी थांबले, तशी तिनं भोकाड पसरलं. आल्प्सच्या डोंगरातल्या मोठ्या शर्यतीत २०१८ साली सोफी पॉवर ही बाई मध्येच थांबून तीन महिन्यांच्या बाळाला पाजत बसली होती, तो फोटो जगभर गेला. माझ्या बाबतीत फोटो कुणी काढला नाही. सासूबाईंनीच नातीचं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि खास ठेवणीतल्या आवाजात मला म्हणाल्या, "थांबलीस काय? पळ की! पोर मी बघते."

त्या एका वाक्यावर मी शेवटचं अंतर पळाले. वेळ सांगत नाही. पदक मिळालं, ते लेकीनं ताबडतोब तोंडात घातलं.

सोलापुरात परतल्यावर स्टँडजवळचा रिक्षावाला, दूधवाला, शेजारच्या अक्का, सगळ्यांनी एकच विचारलं, "कितवा नंबर आला?" सासूबाईंनी परस्पर उत्तर ठरवून टाकलंय. त्या सांगतात, पुरी केली. कोजागरीला कुणी कितवा नंबर विचारतं का? बाळ्याच्या मावशींनी पदक हातात घेऊन उलटंसुलटं केलं, सोन्याचं नाही याची खात्री केली आणि "अंग बरं आहे ना?" एवढंच विचारलं. बरं आहे म्हटल्यावर पुन्हा लाडू दिला.

येत्या कोजागरीला मी सासूबाईंबरोबर चालणार आहे. नवस काही नाही, पण तसं कुणाला सांगणार नाही. आणि ज्यांच्या घरातल्या सुनेनं, लेकीनं, बायकोनं असलं काही मनात घेतलं असेल, त्यांना एक विनंती. बूट ती तिचे आणील, पहाटे उठायचं ती बघून घेईल, कुणासाठी पळतेस म्हणून विचारायची गरज नाही. पोर आणि पाण्याचा दिवस, एवढं दोन्ही तुम्ही तुमच्याकडं घ्या.